एक जोड किती पावसाळे काढतो? वॉटरप्रूफ बूट घ्यायचे कसे आणि टिकवायचे कसे

माझा पहिला महागडा वॉटरप्रूफ जोड पावसानं नाही, चुलीनं खराब केला. पाटण तालुक्यात वनस्पतींच्या नोंदी करायला गेले होते. आश्लेषाचा पाऊस लागलेला. ज्या घरी उतरले होते तिथं रात्री सगळ्यांनी आपापली पायताणं चुलीभोवती मांडली, मीही बूट मांडले. सकाळी चामडं पापडासारखं कडक झालेलं आणि चवड्याजवळ सोल एका बाजूनं सुटलेला. साडेसहा हजारांचा जोड दुसऱ्याच पावसाळ्यात गेला.

त्याला आता बारा वर्षं झाली. या काळात माझे, घरच्यांचे आणि सोबत रानात येणाऱ्यांचे किती तरी जोड मी घेताना, वापरताना, फाटताना पाहिले. त्यातून एक गोष्ट मला पक्की पटली आहे. बुटाची खरी किंमत पावतीवर कळत नाही, तो किती पावसाळे काढतो त्यावर कळते. आणि ते निम्मं दुकानात ठरतं, निम्मं घरी, बूट काढून ठेवल्यावर.

शिकारी बूट आणि आपण

परदेशात ज्याला ‘हंटिंग बूट’ म्हणतात तोच प्रकार आपल्याकडे ट्रेकिंगच्या दुकानांत आणि ऑनलाइन दिसतो: घोट्याच्या वर जाणारा, मातकट रंगाचा, वॉटरप्रूफ. नावावर जाऊ नका. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे आणि कोयना-चांदोलीचा सगळा पट्टा २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. पण शिकाऱ्यासाठी बूट बनवताना ज्या गरजा धरलेल्या असतात त्या आपल्याला चपखल लागू पडतात: ओल्या गवतातून तासन् तास चालणं, ओढा ओलांडणं, घसरड्या उतारावर पाय न सुटणं, काटाकुटा आत न शिरणं. वनरक्षक, वनमजूर, अभ्यासक, गुरं राखणारे, रात्री उसाला पाणी देणारे, सगळ्यांचं काम थोड्याफार फरकानं हेच आहे.

या बुटांच्या इतिहासातली एक गोष्ट मी खरेदीला निघालेल्या प्रत्येकाला सांगते. १९१२ मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यात लिऑन बीन या माणसानं शिकाऱ्यांसाठी बूट काढला. खालचा भाग रबराचा, वरचा चामड्याचा. ओल्या रानात पाय कोरडा राहावा म्हणून रबर आणि घोट्यावर वजन पडू नये म्हणून चामडं. पहिले शंभर जोड विकले आणि त्यातले नव्वद परत आले. रबर चामड्यापासून उसवलं होतं. त्यानं सगळ्यांचे पैसे परत केले, कर्ज काढून रचना सुधारली आणि त्याच बुटावर पुढं मोठी कंपनी उभी राहिली. शंभराहून जास्त वर्षं उलटून गेली तरी वॉटरप्रूफ बूट आजही बहुधा तिथंच हार खातो, जिथं दोन वेगळे पदार्थ एकमेकांना जोडलेले असतात. बूट हातात घेतला की आधी रंग नाही, जोड बघायचे.

आधी जमीन ओळखा

एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि माण-खटावला जेमतेम पाचशेच्या आसपास. म्हणून ‘चांगला बूट कोणता’ या प्रश्नाला जिल्ह्यापुरतंही एक उत्तर नाही. दहिवडी-म्हसवडकडं राहात असाल आणि वर्षातून एकदा कासला जात असाल, तर वॉटरप्रूफ बुटावर पाच-सात हजार घालू नका. बंद आणि गरम बूट तिकडच्या उन्हात पाय शिजवतो. साधा हवा खेळणारा बूट घ्या आणि कासला गेलात की जास्तीचे मोजे जवळ ठेवा.

कराड, वाळवा, मिरज, पलूसकडची काळी माती आणि ऊस हा वेगळा मामला. तिथं पाणी वरून कमी आणि खालून जास्त. सरीत पिंडरीपर्यंत पाय जातो, चिखल बुटाला धरून बसतो. इथं गमबुटाला पर्याय नाही. चामड्याचा कितीही भारी बूट या चिखलात रोज घातला तर त्याची शिवण वर्षभरात कुजते. गोठ्यात तर त्याहून लवकर, कारण शेण-मूत चामडं खातं.

कास, ठोसेघर, चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, जांभा दगड आहे. कोरडा असताना तो पाय छान धरतो, पण शेवाळ चढलं की साबणासारखा होतो. इथं पाणी घोट्याच्या खालीच असतं, धोका घसरण्याचा असतो. म्हणून उंचीपेक्षा सोलच्या रबराकडे बघायचं आणि घोटा घट्ट धरणारा चामड्याचा किंवा जाड कापडाचा बूट घ्यायचा. गमबूट घालून सड्यावर जाऊ नका. बहुतेक स्वस्त गमबुटांचा पीव्हीसीचा तळ ओल्या दगडावर अजिबात विश्वासाचा नाही. माझी एक मैत्रीण ठोसेघरजवळ अशीच घसरली आणि मनगटाला प्लास्टर घेऊन दीड महिना बसली.

कोयनेचं आणि चांदोलीचं जंगल सगळ्यात अवघड. वरून पाऊस, खालून पालापाचोळ्याचा ओला थर, दर फर्लांगावर ओढा आणि सगळीकडे जळवा. इथं मला स्पष्ट सांगायला हवं: गुडघाभर ओढे ओलांडायचे असतील तर कुठलाच घोट्याचा बूट पाय कोरडा ठेवत नाही. पाणी वरून आत शिरतं, आणि वॉटरप्रूफ बूट जसं पाणी आत येऊ देत नाही तसं ते बाहेरही जाऊ देत नाही. दिवसभर पाय पाण्याच्या पिशवीत. अशा दिवशी मी पटकन निथळणारा कापडी जंगल बूट घालते, त्यावर गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे जळवांचे मोजे. वॉटरप्रूफ जोड सड्यासाठी, पायवाटेसाठी आणि ओल्या गवतासाठी.

भात लावणीला बूट घालू नये, हे शहरातून येणाऱ्या हौशी पाहुण्यांसाठी सांगते. चिखलणी केलेल्या खाचरात बूट रुतून बसतो आणि पाय उपसताना गुडघा दुखावतो. तिथं अनवाणीच जायचं. पायाला जखम असेल तर मात्र त्या दिवशी चिखलात उतरूच नये.

रात्रीचं पाणी आणि साप

माझे वडील कराडजवळ ऊस करतात. शेतीची लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते, मग मोटर चालू करून अंधारात दारं धरायला जावं लागतं. चाळीस वर्षं ते चपलेवर जात होते. आता गमबुटाशिवाय जात नाहीत, कारण तीन वर्षांपूर्वी पाटाच्या कडेला घोणशीनं बुटावर तोंड मारलं. बुटावर ओरखडा उठला, पायाला काही झालं नाही.

नाग, घोणस, फुरसं या विषारी सापांचे शेतातले दंश बहुतेक वेळा पावलावर, घोट्यावर नाही तर नडगीवर होतात. जाड रबराचा किंवा पीव्हीसीचा उंच बूट तेवढा भाग झाकतो. तरी एवढ्यानं निर्धास्त होऊ नका. मऊ, पातळ गमबूट किंवा कापडी बूट घोणशीच्या लांब दातांपुढं टिकेलच असं नाही. बूट पायाला सैल असावा, म्हणजे रबर आणि कातडीत अंतर राहतं. आत जाड मोजा घालावा. बॅटरी हातात हवीच. बूट घालण्याआधी दर वेळी उलटा करून आपटायचा, कारण विंचू आणि बेडूक दोघांनाही बुटातला अंधार आवडतो. आणि दंश झालाच तर दोरी आवळायची नाही, जखम चिरायची नाही, पाय हलवायचा नाही. १०८ ला फोन करून नाही तर मिळेल त्या गाडीनं थेट दवाखान्यात जायचं.

बुटाचा आतला संसार

दुकानदार ‘फुल वॉटरप्रूफ’ म्हणतो तेव्हा तो तीन वेगवेगळ्या गोष्टींपैकी एक सांगत असतो.

पहिली, अखंड साच्यातला गमबूट. शिवणच नाही, म्हणून पाणी शिरायला जागा नाही. पीव्हीसीचा स्वस्त असतो, तेल आणि शेण सोसतो, पण थंडीत कडक होतो आणि पावलाची घडी पडते तिथं दोन-तीन हंगामांत चिरतो. नैसर्गिक रबराचा महाग, पण मऊ आणि ओल्यात पकड चांगली. त्याला ऊन आणि हवेतला ओझोन सोसत नाही. बारीक केसासारख्या चिरा पडू लागतात. भारतीय मानक ब्यूरोचं पीव्हीसीच्या कामाच्या बुटांसाठी आयएस १२२५४ आणि रबराच्या बुटांसाठी आयएस ५५५७ असं मानक आहे. आयएसआयची खूण आणि हा आकडा तळाजवळ किंवा पिंडरीच्या बाजूला उठवलेला असतो. चारशेचा गमबूट घेतानाही तो शोधा.

दुसरी, जाड चामडं आणि त्यावर मेण किंवा तेल. जुनी, सरळ पद्धत. चामड्याचा वरचा अखंड थर वापरलेला असेल तर तो खरंच पाणी थोपवतो. खालचा चिरलेला थर रंग चढवून विकतात तेव्हा फरक पहिल्या नजरेत कळत नाही. बूट बोटानं दाबून बघा. अखंड चामड्यावर बारीक, नैसर्गिक सुरकुत्या उठतात आणि मावळतात. रंगवलेल्या थरावर प्लास्टिकसारखी एकच घडी पडते. तीच पुढं फुटते.

तिसरी, आतलं पातळ पटल, म्हणजे मेम्ब्रेन. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्यात ताणला आणि त्यात अतिसूक्ष्म छिद्रं तयार झाली. त्यातून गोरटेक्स आलं. छिद्रं इतकी बारीक की पाण्याचा थेंब आत जात नाही, पण घामाची वाफ बाहेर पडते. आता अनेक कंपन्या आपापल्या नावानं असलं पटल वापरतात. आपल्या हवेत मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. बाहेरचं कापड किंवा चामडं पूर्ण भिजलं की वाफेला वाट उरत नाही, मग आतला घाम साठतो आणि बूट गळतोय असं वाटतं. माझ्याकडे आलेल्या ‘गळक्या’ बुटांपैकी निम्मे गळत नव्हते, घामानं ओले होते. आणि हे पटल कायम टिकत नाही. पावलाची घडी, आत गेलेली वाळू आणि न कापलेली नखं त्याला भोकं पाडतात. बाहेरून बूट नवा दिसतो तेव्हाही आतलं पटल संपलेलं असू शकतं, आणि ते दुरुस्त होत नाही. म्हणून जास्त वर्षं हवी असतील तर चामडं आणि मेम्ब्रेन दोन्ही असलेला बूट घ्यावा. पटल गेलं तरी चामडं मेणावर आणखी दोन-तीन पावसाळे काढतं.

जीभ विसरू नका. नाड्यांखालची जीभ दोन्ही बाजूंनी घडीच्या कापडानं बुटाला शिवलेली असते. ती शिवण जिथं संपते तिथंच बुटाची पाण्याची खरी उंची संपते. आठ इंची बुटाची जीभ चार इंचांवर सुटी असेल, तर तुम्ही चार इंचांचा वॉटरप्रूफ बूट विकत घेत आहात.

आता सोल, कारण पुढचा सगळा खर्च इथंच ठरतो. तळ रबराचा हवा. १९३७ च्या सुमारास इटलीच्या व्हिताले ब्रामानी यांनी खोल खाचांचा रबरी तळ आणला, त्यावरून व्हिब्रम हे नाव आलं. त्याच धर्तीच्या खाचा आज सगळीकडे दिसतात. आपल्या चिखलाला खाचा खोल आणि एकमेकींपासून लांब हव्यात. दाट, बारीक नक्षीत काळी माती बसली की तळ गुळगुळीत पाटी होतो. रबराच्या वर असतो मधला गादीचा थर. तो ईव्हीएचा, म्हणजे हलक्या फोमचा, असेल तर वजनाला कमी, पण लवकर दबतो. पॉलियुरेथेनचा असेल तर चालायला सुरेख आणि मजबूत, मात्र त्यात एक दोष आहे, त्याच्याकडे पुढं येते.

वरचा भाग आणि तळ कसा जोडलाय ते बघा. नुसता चिकटवलेला असेल तर हलका आणि स्वस्त. बाहेरून पट्टीवर शिवलेला असेल तर जड, महाग, पण कारागीर तळ काढून नवा बसवू शकतो. ज्याला एकच जोड आठ-दहा वर्षं वापरायचाय त्यानं शिवलेलाच घ्यावा. ज्याचं वजन आणि वय पाहता हलकं हवंय त्यानं चिकटवलेला घ्यावा आणि तळ सुटणार हे धरूनच चालावं.

दुकानात अर्धा तास द्या

संध्याकाळी जा. दिवसभर उभं राहून पाय थोडा सुजतो, रानातही तो सुजणारच. पावसाळ्यात घालणार तेच जाड मोजे बरोबर न्या. नाडी न बांधता पाय पुढं सरकवा आणि टाचेमागं तर्जनी घाला. बोट सहज गेलं पाहिजे, दोन बोटं जाता कामा नयेत. मग नाडी बांधून जिन्यावरून खाली उतरा, चार-पाच वेळा. अंगठा पुढं टेकला तर अर्धं माप वाढवा. वासोट्याच्या उतारावर नख काळं होण्यापेक्षा दुकानदाराचा वैताग परवडला. टाच वर उचलत असेल तर ते माप नाही, तो साचाच तुमचा नाही. दुसरा बूट बघा.

बायकांना अडचण वेगळीच असते. गमबूट बहुतेक पुरुषांच्या पाच-सहा नंबरापासून सुरू होतात. तीन-चार नंबरचा पाय त्यात डुचमळतो आणि मग ‘बूट काही जमत नाहीत’ म्हणून त्या चपलेवर शेतात जातात. मी माझ्यासाठी आणि आमच्या वस्तीवरच्या चौघींसाठी मुलांच्या मोठ्या मापाचे गमबूट आणले, ते बरोबर बसले. उंची थोडी कमी असते, पण घोटा आणि अर्धी नडगी झाकते. दुकानात नसतील तर मागवून घ्या. मागणी झाल्याशिवाय दुकानदार ते ठेवणार नाहीत.

शेवटी बूट हातात घेऊन तळ दोन्ही हातांनी वाकवा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे, मधोमध नाही. वाकवल्यावर तळ आणि वरच्या भागात फट उघडत असेल तर तो जोड परत ठेवा. अंगठ्यापुढं आणि टाचेभोवती रबराची पट्टी वर चढवलेली असेल तर चांगलंच, दगडावर चामडं आधी तिथंच खरचटतं. बनावटीचा महिना बऱ्याचदा जिभेच्या आतल्या लेबलवर असतो. मधला थर पॉलियुरेथेनचा आणि बूट तीन-चार वर्षं गोदामात पडलेला असेल, तर अर्ध्या किमतीतही घेऊ नका.

घरी आणल्यावर पाण्याची परीक्षा

पावती जपून ठेवा आणि बाहेर घालण्याआधी घरीच परीक्षा घ्या. चामड्याच्या किंवा मेम्ब्रेनच्या बुटात कोरडा वर्तमानपत्राचा कागद तळापासून जिभेपर्यंत भरा. बादलीत किंवा टबात जिभेच्या शिवणीच्या खाली राहील इतकं पाणी घ्या, बूट त्यात वीस मिनिटं ठेवा, मधून मधून हातानं चवडा वाकवा. मग कागद काढून बघा, कुठं डाग पडलाय. डाग पडला तर परत करा. गमबुटाची परीक्षा उलटी: आत पाणी भरा, बाहेर कोरड्या फरशीवर ठेवा.

पास झाला की लगेच रानात नेऊ नका. चामड्याचा बूट आठवडाभर घरात, मग बाजारापर्यंत, मग अजिंक्यताऱ्यावर एखादी फेरी असा मऊ करा. नव्या बुटानं थेट पंचवीस किलोमीटर चाललेल्या माणसाची टाच मी सोलून निघालेली पाहिली आहे.

सुती मोजे नकोत. ते घाम धरून ठेवतात आणि पायाला चिखल्या होतात. लोकरीचे किंवा लोकर-नायलॉनचे घ्या, दोन जोड जवळ ठेवा, दुपारी जेवताना बदला. पाय पुसून दहा मिनिटं उघडा ठेवला तरी बोटांच्या बेचक्या वाचतात.

वाळवणं: बूट वाचतो नाही तर मरतो तो इथं

घरी आल्यावर भूक लागलेली असते आणि बूट ओसरीवर तसेच पडतात. तिथंच त्यांचं आयुष्य कमी होतं. आधी चिखल धुवा, साध्या पाण्यानं, मऊ ब्रशनं. वाळलेला चिखल चामड्यातलं तेल ओढून घेतो. साबणाची गरज नाही, गोठ्यात जाऊन आला असाल तरच थोडा. नाड्या पूर्ण सैल करा, जीभ बाहेर ओढा, आतला सुटा तळवा काढून वेगळा वाळत घाला. हा तळवा काढायचा राहिला तर बूट तीन दिवस ओला राहतो.

मग वर्तमानपत्राचे बोळे चवड्यापर्यंत भरा. दोन तासांनी कागद ओलाचिंब होतो, तो बदला. झोपण्यापूर्वी पुन्हा बदला. म्हातारा पाऊस, म्हणजे पुष्य नक्षत्राचा, लागला की कोयनेकडं आठवडाभर ऊन दिसत नाही, हवाच ओली असते, तेव्हा कागदाला दुसरा उपाय नाही. पंखा चालेल, गार वारा आडवा लागेल असा ठेवायचा.

चूल, शेगडी, हीटर, गाडीचं बॉनेट, पत्र्यावरचं कडक ऊन यातलं काहीही नको. उष्णतेनं चामड्यातलं पाणी आणि तेल दोन्ही जातं, तंतू आकसतात, चामडं तडकतं. तळ धरून ठेवणारा डिंक मऊ होऊन सुटतो. साधी कसोटी सांगते: जिथं तळहात मिनिटभर आरामात ठेवता येतो तिथंच बूट ठेवायचा. चुलीच्या खोलीत ठेवायचाच असेल तर लांबच्या भिंतीला खुंटीवर टांगा. गमबूट उलटे करून काठीवर अडकवा, आतलं अस्तर वाळतं आणि आत कुणी वस्तीला येत नाही.

शक्य असेल तर दोन जोड आलटून पालटून वापरा. चार हजारांचे दोन जोड आठ हजारांच्या एका जोडापेक्षा जास्त टिकलेले मी पाहिले आहेत, केवळ प्रत्येकाला पुरतं वाळायला एक दिवस मिळाला म्हणून.

मेण

चामड्याला पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी मेण लावते. बाजारात बुटाचं तयार मेण मिळतं, पण आपल्याकडे मधमाशांचं मेण हाताशी आहे. महाबळेश्वर तालुक्यात मधाचा व्यवसाय जुना. तिथलं मांघर २०२२ मध्ये राज्यातलं पहिलं ‘मधाचं गाव’ झालं. मध काढणाऱ्यांकडे शुद्ध मेणाची ढेप मिळते. एक भाग मेण आणि दोन भाग खोबरेल एका डब्यात घेऊन तो डबा गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवायचं, थेट आचेवर नाही. गार झालं की मलमासारखं होतं.

बूट स्वच्छ आणि जवळजवळ कोरडा असावा. बोटानं थोडं थोडं घेऊन चोळा, शिवणींवर आणि जिभेच्या घडीत जास्त. अर्ध्या तासानं सुती फडक्यानं जास्तीचं पुसून काढा. मेम्ब्रेन असेल तर हात अगदी हलका ठेवा, जाड थरानं बाहेरची वाट बुजते. मखमली पोताच्या चामड्याला हे लावलं तर रंग गडद होतो आणि पोत जातो. त्याला फवाऱ्याचं पाणीरोधक मिळतं तेच वापरा. नुसतं गोडेतेल किंवा करडईचं तेल ओतायची जुनी सवय सोडा. चामडं अति मऊ होऊन ताणतं आणि टाक्यांची भोकं मोठी होतात.

पाणी बुटावर थेंब धरून घरंगळतंय तोवर काही करायचं नाही. थेंब पसरून डाग पडू लागला की मेणाची वेळ झाली.

दिवाळीनंतरची ठेवण

आता पॉलियुरेथेनचा तो दोष. हा पदार्थ हवेतल्या ओलाव्यानं हळूहळू आतून तुटत जातो. वापरलेला बूट चालताना दाबला-सुटला जातो, आतला दमटपणा बाहेर पडतो, म्हणून तो जास्त टिकतो. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवलेला मात्र पाचेक वर्षांत वाळक्या भाकरीसारखा चुरतो. ‘दोनदाच घातला होता, तळ गळून पडला’ ही तक्रार तुम्ही ऐकली असेल. त्यात वापरणाऱ्याची हयगय नसते, ठेवण चुकलेली असते.

म्हणून पाऊस संपला की बूट धुऊन, पूर्ण वाळवून, मेण देऊन, कागद भरून कापडी पिशवीत ठेवा. हवेशीर जागा, जमिनीपासून वर, उन्हापासून लांब. बुरशी दिसली तर कोरड्या फडक्यानं अंगणात पुसा, मग सौम्य व्हिनेगरच्या पाण्याचा हात फिरवा आणि सावलीत वाळवा. आणि महिन्यातून एकदा तरी तो जोड घालून तासभर चाला, उन्हाळ्यातसुद्धा. रबरी गमबूट घडी न घालता उभे ठेवा, मोटरीच्या खोलीत इंजिन तेलाच्या डब्याशेजारी नको.

दुरुस्ती

रबराचा गमबूट चिरला तर सायकलच्या पंक्चरवाल्याकडचं पॅच आणि सोल्युशन चालतं. पृष्ठभाग घासून घ्यायचा, सोल्युशन सुकू द्यायचं, मग पॅच दाबायचा. पीव्हीसीच्या बुटाला मात्र ते सोल्युशन धरत नाही, पॅच दोन दिवसांत निघतो. त्याला पीव्हीसीसाठीच असलेला डिंक लागतो. चीर घडीवरच असेल तर तो जोड गेला असं समजा.

चामड्याच्या बुटाचा तळ थोडा सुटलाय तेव्हाच न्या. सगळा सुटेपर्यंत चाललात तर आत माती जाऊन डिंकाची जागा खराब होते. सगळे कारागीर मेम्ब्रेनचे बूट जाणत नाहीत, म्हणून आधी सांगा: वरून आरपार टाका घालायचा नाही, कारण सुई गेली की पटलाला भोक पडलंच. तळ डिंकावर बसवायचा किंवा फक्त बाहेरच्या पट्टीवर शिवायचा. साताऱ्यात हे काम करणारे हात आहेत, पण जून उजाडला की त्यांच्याकडे रांग लागते. एप्रिलमध्ये जा.

हिशोब

माझ्या वहीतले आकडे देते, भाव गावोगाव बदलतील. साडेचारशेचा पीव्हीसी गमबूट वडिलांना रोजच्या वापरात दीड वर्ष जातो, म्हणजे वर्षाला तीनशे. साडेनऊशेचा जाड तळाचा घेतला तेव्हा तो साडेतीन वर्षं गेला, वर्षाला पावणेतीनशेच्या आत आणि पाय सुखात. माझा सध्याचा चामड्याचा, आत मेम्ब्रेन असलेला, शिवलेल्या तळाचा जोड नऊ हजारांचा. सहा पावसाळे झाले, एकदा सोळाशे देऊन तळ बदलला, मेणाचे वर्षाला शंभर धरते. पावसाळ्यामागं साडेअठराशेच्या आसपास. त्याआधीचे अडीच हजारांचे दोन ‘वॉटरप्रूफ’ जोड प्रत्येकी एकच पावसाळा गेले होते, आणि त्यात पाय ओलेच राहिले.

पण वर्षाला पाच-सहा दिवसच पावसात फिरणाऱ्याला हा नऊ हजारांचा हिशोब लागू नाही. त्याचा जोड वापरानं नाही, पडून राहून संपेल. त्यानं तीन-साडेतीन हजारांचा, ईव्हीएच्या गादीचा साधा बूट घ्यावा आणि उरलेल्या पैशांत चांगले मोजे आणि रेनकोट.

चामड्याचा जोड अगदी थकला, पटल फुटलं, तळ दुसऱ्यांदा बदलण्यासारखा राहिला नाही, की मी तो लगेच टाकत नाही. कोरड्या दिवसांत बांधावर, तूर काढायला, वाळकं गवत कापायला तो दोन वर्षं सहज चालतो. घडीवर चिरलेले गमबूट घोट्याच्या वर गोल कापले तर गोठ्यात पाय घालायला आखूड जोड तयार होतो. वडिलांच्या गोठ्याच्या दाराशी असे तीन जोड आहेत. कापलेल्या नळीच्या पट्ट्या ते विळ्याच्या मुठीला गुंडाळतात.